औटकी संपेपर्यंत

आमच्या प्रयोगशाळेच्या दारावर बाहेरच्या अंगाला सात खिळे होते. सकाळी साडेनऊनंतर आलेल्या माणसाला त्या खिळ्यांवर मोगऱ्याचे आणि अबोलीचे गजरे लटकलेले दिसायचे, आणि हे देऊळ आहे की सरकारी कचेरी, असा प्रश्न पडायचा. देऊळ नव्हतं. हेब्बाळच्या तळ्यापासून थोडं आत, निलगिरीच्या झाडांमागे, परदेशातून आणलेले किडे ठेवायची ती सरकारी इमारत होती. तिथं गजरा घालून आत जायला बंदी होती आणि ही बंदी अक्कांनी घातलेली होती.

बंगळुरात बाईला केसांतलं फूल उतरवायला सांगणं ही साधी गोष्ट नाही. झाडलोट करणारी बाई तर पहिल्या दिवशी रडलीच म्हणे. पण अक्कांचा हिशेब सरळ होता. मोगऱ्याच्या पाकळीत फुलकिडे बसून येतात, आणि आतल्या किड्यांच्या खोलीत बाहेरचा एक जरी किडा गेला तरी महिन्याची मेहनत पाण्यात. अक्कांनी आधी स्वतःपासून सुरुवात केली होती. केस त्यांनी कानाच्या वर कापून टाकले होते. पन्नाशीची बाई, पांढरी सुती साडी, डोक्यावर बोटभर केस. बसमध्ये हमखास कुणीतरी विचारायचं, "तिरुपतीला जाऊन आलात का?" अक्का म्हणायच्या, "दर महिन्याला जाते की." विचारणारी बाई हात जोडायची.

अक्का निपाणीकडच्या. घरात मराठी, शाळा मराठी, कॉलेज धारवाडचं, नोकरी बंगळुरात. कन्नड अशी बोलायच्या की मल्लेश्वरमच्या जुन्या लोकांनी मान डोलवावी, आणि मराठी अशी की माझ्यासारख्या पुणेकरणीने कान टवकारावेत. मी पुण्याची. नवऱ्याला इकडे नोकरी लागली म्हणून एम.एस्सी.चं सर्टिफिकेट पिशवीत घालून बंगळुरात आलेली. माझ्या मुलाखतीला तीन साहेब आणि अक्का होत्या. साहेबांनी मला किड्यांचे पाय, पंख, तोंडाचे अवयव सगळं विचारलं. अक्कांनी एकच प्रश्न केला.

"तुला काय बी न करता दोन मिनिटं उभं राहता येतंय काय?"

मी म्हटलं, येतं.

"सगळीच म्हणत्यात," अक्का म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

हा प्रश्न का होता ते पहिल्याच दिवशी कळलं. किड्यांच्या खोलीतून बाहेर पडायला दोन दारं होती आणि दोन दारांच्या मधे चार पावलांची एक खोली, आतून काळीकुट्ट रंगवलेली. एका भिंतीत तेवढी वाटीएवढी काच, तिच्यामागे दिवा आणि पुढे एक बरणी. किडा उजेडाकडे जातो. तुमच्या अंगावर, पदरावर, कानामागे एखादा बसून आला असेल, तर अंधारात तो तुम्हाला सोडून त्या बरणीत जातो. त्यासाठी दोन मिनिटं थांबायचं. भारतात आणि भारताबाहेर अशा प्रयोगशाळा आहेत आणि सगळीकडे अशी अंधारी खोली असते, असं मला पुढे कळलं. पण तिथं लोक घड्याळ बघतात. आमच्याकडे अक्का औटकी म्हणायच्या.

औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आताच्या पोरांना तो शब्दही माहीत नाही. निपाणीच्या शाळेत गुरुजींनी तो छडीखाली पाठ करून घेतलेला, आणि तिसापर्यंत सावकाश म्हटला की बरोबर दोन मिनिटं होतात, हे अक्कांनी कधीतरी मोजून ठेवलं होतं. घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता. "घड्याळाकडं बघणारा माणूस दोन मिनिटांची दीड करतोय," म्हणायच्या. "पाढा म्हणणाऱ्याला मधनं उडी मारता येत न्हाई." म्हणून मग डायरेक्टर असोत, दिल्लीहून आलेले सचिव असोत की ऑस्ट्रेलियातले गोरे शास्त्रज्ञ असोत, सगळे त्या काळ्या खोलीत हात लोंबते सोडून उभे राहायचे आणि एक बोटभर केसांची बाई त्यांच्या कानाशी मराठीत साडेतीनचा पाढा म्हणायची. आमचे डायरेक्टर म्हैसूरकडचे. मराठीचं अक्षर येत नव्हतं, पण दहा वर्षांत औटकी तोंडपाठ. एकदा मीटिंगमध्ये कंटाळून ते स्वतःशीच ती पुटपुटत होते, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

अक्कांच्या एप्रनचे खिसे शिवून टाकलेले होते. "खिसा म्हंजे किड्याला धर्मशाळा." नोंदी पेन्सिलीनं करायच्या, कारण शाई स्पिरिटनं पुसते. बांगड्या चालत, काचेच्या. त्यात काही लपत नाही. घरी मात्र त्यांच्याकडे एकही झाड नव्हतं. आयुष्यभर झाडांसाठी राबणाऱ्या बाईच्या अंगणात साधी तुळस नाही, हे पाहून माझ्या सासूबाईंना धक्का बसला होता. अक्कांनी त्यांना समजावलं, "कामावरनं मी काय घिऊन येईन सांगता येत न्हाई, आई. झाडानं काय पाप केलंय?"

सासूबाईंचं आणि अक्कांचं एकदाच वाजलं. आमच्याकडे हळदीकुंकू होतं. अक्का आल्या त्या बैठकीत न येता सरळ मागच्या अंगणात गेल्या. कुणाच्याही घरी त्या आधी अंगणात जायच्या, पानं उलटी करून बघायच्या आणि मग माणसांना भेटायच्या. अंगणात सासूबाईंनी नुकतीच केरळच्या सहलीहून आणलेली जास्वंदीची फांदी कुंडीत लावली होती. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, रेल्वेत मांडीवर घेऊन, लेकराला आणावं तशी आणलेली.

"कुठनं आणली?"

"त्रिवेंद्रमहून. अहो, काय रंग आहे म्हणून सांगू! लालही नाही आणि भगवाही नाही."

अक्कांनी कुंडी उचलली, माती आणि फांदीसकट प्लास्टिकच्या पिशवीत बांधली आणि गच्चीवर उन्हात ठेवून दिली.

"अहो, स्वच्छ आहे ती!" सासूबाई ओरडल्या.

"आज हाय," अक्का म्हणाल्या आणि हातपाय धुऊन हळदीकुंकवाला बसल्या. सासूबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पंधरा दिवसांनी अक्कांनी आमच्या नर्सरीतली जास्वंद पाठवली, लाल भडक, आणि तिच्या बुंध्याला पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी बांधली: तपासली आहे. तेव्हा कुठे घरात शांतता झाली.

"किडा आपल्या पायांनी समुद्र ओलांडत न्हाई," असं त्या नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायच्या. "कुणाच्या तरी पिशवीतनं येतोय. आणि येताना आपल्या वैऱ्यांना तिकडंच ठिवून येतोय. म्हणून हितं माजतोय." आमचं काम एवढंच. परमुलखातून आलेल्या किडीचा तिकडचा वैरी शोधायचा, सरकारी परवानगीनं इकडे आणायचा, बंद घरात तपासायचा आणि मगच सोडायचा. कारण तपासल्याशिवाय सोडलेला वैरीही उद्या आपल्यालाच छळू शकतो. ते बंद घर अक्कांच्या ताब्यात होतं.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत बंगळुरात ती पांढरी माशी आली. मल्लेश्वरमच्या रस्त्यावर गाडी उभी केली की तासाभरात काचेवर पांढरी पूड आणि चिकटा. पेरू, जास्वंद, पपई, रस्त्याकडेची बदामाची झाडं, जे दिसेल त्याच्या पानाखाली गोल गोल वळसे घालून अंडी आणि वर मेणाचा कापूस. लोक शिंकायचे, दुकानदार फळांवर फडकी टाकायचे. औषध मारलं की आठ दिवस बरं, पुन्हा आहेच. पेपरात रोज पत्रं. सरकार झोपलंय का, असं विचारणारी.

सरकार झोपलं नव्हतं. पण सरकारची वैतागलेली माणसं मी जवळून पाहत होते.

त्या दिवसांत एक शेतकरी आमच्याकडे यायला लागला. नंजप्पा. सर्जापूर रोडला त्याची पेरूची बाग होती, दोनशे झाडांची. आता तिथं नुसत्या इमारती आहेत म्हणून सांगावं लागतं, तेव्हा तो रस्ता म्हणजे दोन्हीकडे रागी आणि पेरू होते. पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं पुरावा म्हणून किडक्या फांद्यांची एक अख्खी मोळी आणली होती, दोन बस बदलून, मांडीवर घेऊन. अक्का दारातच किंचाळल्या. सगळ्या शहरातून त्यानं ती माशी वाटत आणली होती! मोळी जाळली, नंजप्पाला आवारातल्या नळाखाली हातपाय धुवायला लावले, त्याचा पंचा उकळत्या पाण्यात टाकला. आणि मग त्याला बाकावर बसवून स्वतः कॉफी दिली.

"अम्मा, स्वल्प औषध कोडि," तो म्हणाला. थोडंसं औषध द्या. कन्नड मला तेव्हा नीट बोलता यायचं नाही, कळायचं मात्र.

"औषध नाही, माणसं येणार आहेत," अक्का त्याला कन्नडमध्ये म्हणाल्या. "तुझ्या बागेत कामाला. थांब."

ती माणसं म्हणजे मिठाच्या कणाएवढ्या माश्या. गांधीलमाशीच्याच कुळातल्या, पण डंख नाही, आवाज नाही. पांढऱ्या माशीच्या पिल्लाच्या अंगात अंडं घालायचं आणि त्याला आतून खाऊन टाकायचं, एवढंच त्यांना येतं. ही माशी जिथून आली त्या दूरच्या बेटांवरून त्यांचं पार्सल मागवायला वर्ष गेलं. पार्सल आलं त्या दिवशी अक्का विमानतळावर सकाळपासून बसून होत्या. जीपमध्ये ते खोकं त्यांनी मांडीवर घेतलं आणि ड्रायव्हरला हेब्बाळपर्यंत तिसऱ्या गिअरच्या वर जाऊ दिलं नाही.

खोक्यात पानांचे तुकडे होते आणि त्यांवर पांढऱ्या माशीची काळपट पडलेली पिल्लं. प्रत्येकातून आमची एक माशी बाहेर येणार. अक्कांनी नियम घातला: पहिली पिढी घराबाहेर जाणार नाही. प्रत्येक तुकडा वेगळ्या काचेच्या नळीत, कापसाचं बूच, आणि शेवटची माशी बाहेर येईपर्यंत रोज सकाळी प्रत्येक नळी भिंगाखाली. कारण या कुळात आणखी एक जात असते. ती पांढऱ्या माशीला खात नाही, तिला खाणाऱ्या आपल्या माशीलाच खाते. पुस्तकात तिला लांबलचक नाव आहे. अक्का तिला फितूर म्हणायच्या.

"सज्जन आधी येत्यात. फितूर मागनं येतोय. म्हणून थांबायचं."

थांबायची कुणाचीच तयारी नव्हती. सज्जन माश्या भराभर यायला लागल्या तसा डायरेक्टरांना हुरूप आला. त्यांनी वर कळवलं. वरून मंत्र्यांची तारीख आली. लालबागेत कापडी मांडव घालायचा, मंत्र्यांनी नळीचं बूच काढायचं आणि फोटो. अक्का म्हणाल्या, तारीख पुढे ढकला. डायरेक्टर म्हणाले, तारीख मंत्र्यांची असते, किड्यांची नसते. दोघांमधलं बोलणं कमी झालं. आणि त्याच आठवड्यात नंजप्पा पुन्हा आला, या वेळी रिकाम्या हातांनी.

फाटकापाशी मीच होते. त्यानं सांगितलं की व्यापाऱ्यानं फळ नाकारलंय, आणि सोमवारी तो झाडं तोडायला सुरुवात करणार आहे. निदान जळण म्हणून तरी विकता येतील. सांगताना तो रडला. साठीचा माणूस, माझ्या वडिलांच्या वयाचा. मी त्याला दारापाशी नेलं, पण त्याला रडताना पाहूनही अक्कांनी तेच सांगितलं, थांब. तो म्हणाला, "सरी अम्मा," आणि गेला. ठीक आहे असं म्हणून माणूस किती निराश होऊन जाऊ शकतो, ते मी तेव्हा पाहिलं.

मी जे केलं ते आता सांगते. आमच्याच धंद्यातल्या माणसाला सुचेल असा गाढवपणा होता तो. रोज भिंगाखाली मी त्या माश्या बघत होते. सज्जन होत्या. कामसू होत्या. एका नळीतल्या दहा माश्या नंजप्पाच्या बागेत सोडल्या तर महिन्यात शेकडो होतील, सोमवारच्या आत काही होणार नाही हे खरं, पण त्याला दाखवता तरी येईल, की बघ, माणसं आली कामाला. नियम मला माहीत होता. पण नियम करणारीच्या डोळ्यासमोर तो माणूस रडला होता आणि ती हललीसुद्धा नव्हती, याचा मला राग आला होता.

शनिवारी दुपारी मी एक नळी साडीच्या कमरेला खोचली, वर एप्रन नीट केला आणि काळ्या खोलीत गेले. अक्का माझ्यामागून आल्या. दार लागलं. अंधार. अक्कांनी औटकी सुरू केली.

ती दोन मिनिटं मी कधीच विसरणार नाही. अक्कांचा आवाज संथ, शाळेतल्यासारखा. दहापर्यंत आल्या. अकरा. बारा. नळी घसरतेय असं वाटून माझा हात कमरेकडे गेला आणि बांगडी काचेला लागली. किण्ण.

औटकी थांबली. अक्कांनी औटकी मधे थांबवल्याचं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"काय गं ते?"

मी हात कमरेवरच दाबून धरला.

"काच हाय. कशाला काच लागली?"

मी नळी काढून अंधारातच पुढे केली. त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली, थंडगार होती. बूच चाचपून पाहिलं त्यांनी आधी. मग विचारलं,

"कुणासाठी?"

"नंजप्पासाठी."

"किती झाडं हायत त्याची?"

"दोनशे."

"आणि ह्या दाराभायेर किती हायत?"

अक्का आवाज चढवतील, हाकलतील असं वाटत होतं. त्यांनी तसं काही केलं नाही. त्यांनी औटकी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, तिसापर्यंत नेली, आणि मगच बाहेरचं दार उघडलं.

रविवारी मी राजीनामा लिहिला. सोमवारी तो अक्कांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला, मागची कोरी बाजू बघितली आणि नोंदी करायच्या कच्च्या कागदांत लावून टाकला. माझी ती नळी त्यांनी खिडकीतल्या वेगळ्या फळीवर ठेवली होती. तिच्यावरच्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं माझं नाव.

"राजीनामा कशाला देतीस? रोज सकाळी आल्या आल्या पहिल्यांदा ही नळी बघायची आणि काय दिसतंय ते मला सांगायचं. एवढंच."

मी रोज बघत होते. सज्जन, सज्जन, सज्जन. आठव्या दिवशी नळीतल्या पिल्लांतून निघायच्या त्या सगळ्या माश्या निघाल्या असं मला वाटलं, आणि मनात म्हटलं, बघा, उगाच अडवलंत. फक्त पानावरची दोन पिल्लं अजून तशीच होती, न फुटलेली. मेली असतील, असं मी अक्कांना सांगितलं. "मेली तर मेली. बघत ऱ्हा," त्या म्हणाल्या.

अकराव्या दिवशी सकाळी नळीत दोन नव्या माश्या फिरत होत्या. जराशा मोठ्या, जास्त काळ्या. बाहेर पडताना त्यांनी पाडलेलं भोक गोल नव्हतं, कुरतडलेलं होतं. पुस्तक बघायची गरज नव्हती. माझ्या कमरेला खोचून मी फितूर बाहेर नेत होते. नंजप्पाच्या बागेत, तिथून शहरात, तिथून कुठंही. मग आमची ती मिठाच्या कणाएवढी माणसं कुठंच तग धरू शकली नसती, आणि दुसरं पार्सल मागवूनही उपयोग झाला नसता.

अक्कांनी भिंगातून पाहिलं. मी तिथंच उभी राहून रडले, आणि त्यांनी मला रडू दिलं.

ती नळी घेऊन त्या डायरेक्टरांकडे गेल्या. मीही गेले, कारण त्यांनी मला सोबत घेतलं. मांडवाचे बांबू लालबागेत पोचले होते.

"दोनच आहेत ना?" डायरेक्टर म्हणाले.

"साहेब, पांढऱ्या माश्या पण पहिल्यांदा दोनच आल्या असतील."

डायरेक्टर बराच वेळ भिंगाला डोळा लावून बसले. वाईट माणूस नव्हता तो. "मंत्र्यांना काय सांगू?"

"सांगा, पाव्हणे आजारी पडल्यात."

तारीख रद्द झाली. बांबू परत गेले. एका पेपरानं आमची भरपूर टिंगल केली. त्या वर्षी अक्कांची बढती ठरलेली होती, ती झाली नाही. कारण कुणी लिहून दिलं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं. अक्कांनी सगळ्या नळ्या पुन्हा तपासल्या. आणखी काही नळ्यांत फितूर निघाले, त्या नळ्या जाळल्या. उरलेल्या स्वच्छ माश्यांपासून त्यांनी दुसरी पिढी वाढवली, मग तिसरी, आणि तिसऱ्या पिढीतही शेवटच्या पिल्लापर्यंत थांबल्या. नंजप्पा मधे एकदा येऊन सांगून गेला की अर्धी बाग तोडली. त्या दिवशी अक्कांनी डबा उघडला नाही. तसाच घरी नेला.

तिसरी पिढी स्वच्छ निघाली. मंत्र्यांना आता दुसरी कामं होती. तेव्हा एका साध्या बुधवारी अक्का, मी आणि ड्रायव्हर थर्मासमध्ये चार नळ्या घेऊन सर्जापूर रोडला निघालो. नंजप्पाच्या बागेत शंभर झाडं उभी होती आणि शंभर खुंट. पेरूचं झाड चिवट. खुंटांना कोवळे फुटवे आले होते आणि त्यांवरही पांढरा कापूस बसला होता. अक्का खुंटांमधून हिंडल्या. मग नंजप्पासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि कन्नडमध्ये म्हणाल्या, "ही झाडं माझ्यामुळं गेली."

नंजप्पानं जमिनीकडे बघितलं. "कुऱ्हाड माझी होती, अम्मा."

नळ्या अक्कांनी माझ्या हातात दिल्या. मी एकेका खुंटापाशी बसून बूच काढत गेले. नंजप्पा वाकून वाकून बघत होता. त्याला काही दिसेना. "रिकामी आहे की!" तो म्हणाला. मग एक माशी त्याच्या अंगठ्याच्या नखावर बसली, तेव्हा त्यानं श्वास रोखला. "एवढीशी?" त्यानं नख हळूच पानाला टेकवलं आणि ती उतरून गेली.

पुढचं सगळ्या शहरानं पाहिलं, पण कुणाच्या लक्षात आलं नाही. वर्षभरात पानाखालची पिल्लं काळपट पडायला लागली, प्रत्येकात एक गोल भोक. मल्लेश्वरमच्या गाड्यांच्या काचा पुन्हा नुसत्या धुळीनं माखायला लागल्या. पेपरातली पत्रं बंद झाली. आभाराचं पत्र काही कुणी लिहिलं नाही. रस्त्यावर माशी नाही म्हणून पत्र कोण लिहिणार? मला मात्र बसच्या खिडकीतून बदामाची हिरवी पानं दिसली की ऊर भरून यायचा, अजूनही येतो. ह्या झाडांखालून जाणाऱ्या लाखो लोकांपैकी एकालाही ती बोटभर केसांची बाई ठाऊक नाही, आणि मी तिच्या हाताखाली काम केलंय, याचा मला जितका अभिमान आहे तितका माझ्या डिग्रीचाही नाही.

त्यानंतरच्या हंगामात एका सकाळी फाटकावर आरडाओरडा ऐकू आला. नंजप्पा आला होता. डोक्यावर टोपली, टोपलीत पेरू, फुटव्यांना आलेलं पहिलं फळ. तो सरळ आत शिरत होता आणि वॉचमन त्याला अडवत होता. अक्का तेव्हा किड्यांच्या खोलीत होत्या. नवं पार्सल आलेलं होतं, उसावरच्या कुठल्याशा किडीचा वैरी, पहिली पिढी, नळ्या मांडलेल्या. अशी पहिली पिढी आत असताना कामाच्या वेळात अक्कांनी ती इमारत सोडल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. ताप असला तरी नाही, भाऊ वारल्याची तार आली त्या दिवशीसुद्धा पाच वाजेपर्यंत नाही.

"नंजप्पा पेरू घेऊन आलाय," मी खिडकीच्या काचेतून ओरडून सांगितलं.

"आत आणू नको म्हणावं!"

"नाही आणत. बाहेर बाकावर बसलाय. तुम्ही याल तोपर्यंत बसणार म्हणतोय."

अक्का नळ्यांकडे बघत क्षणभर उभ्या राहिल्या. मग त्या काळ्या खोलीत आल्या, पूर्ण औटकी म्हटली आणि बाहेरच्या दारातून निघाल्या. मी मागे जायला निघाले तर त्या वळल्या.

"तू कुठं चाललीस? दार तू बघ."

एवढंच म्हणून त्या गेल्या. मी दारात उभी राहिले. कमरेला नळी खोचून ज्या दारातून मी निघाले होते, तेच दार. फाटकापाशी अक्का प्रत्येक पेरू उलटसुलट करून, देठ बघून, बाजूला ठेवताना दिसत होत्या. मग त्यांनी एक फोडला. नंजप्पानं कनवटीतून मिठाची पुडी काढली. दोघं बाकावर बसून खात होते आणि कशावरून तरी मोठमोठ्यानं हसत होते. मला त्या पेरूचा वास येत होता, पण मी जागची हलले नाही.

अर्ध्या तासानं त्या परत आल्या. हातात माझ्यासाठी अर्धा पेरू होता. तो त्यांनी दाराबाहेरच्या कठड्यावर ठेवला आणि आत शिरायला पाऊल उचललं.

"अक्का," मी म्हटलं, "थांबा. तुम्ही फळं हाताळलीत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाजूला झाले नाही. बाहेरच्या नळाकडे बोट दाखवलं. त्या मागे फिरल्या, कोपरापर्यंत हात धुतले, पदर झटकला आणि येऊन माझ्यासमोर दोन्ही हात वर करून उभ्या राहिल्या. मी त्यांच्या बाह्या तपासल्या, कानामागे पाहिलं, साडीची किनार उलटून बघितली, जराही घाई केली नाही.

"झालं काय?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही," मी म्हटलं, आणि त्या हात वर करूनच उभ्या राहिल्या.